निकम मॅडमची रविवारची कमिटी

निकम मॅडमच्या घरी मी पहिल्यांदा कामाला गेले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात एक मिशीवाले सर रडत होते. ओट्याला टेकून उभे होते आणि पाण्यावर पाणी पीत होते. मला वाटलं, घरातलं कुणी गेलं. मी चपला घालून परत फिरणार तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "नवीन बाई आल्या का? आत या. सरांचं रडून झालं की पोहे टाका. सगळ्यांना पुरतील असे."

मला माणसांची भीती वाटते. शाळेत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. वणीकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळे मी लवकर सुटले. लग्न होऊन नाशिकला आले. मालक पंचवटीत फुलं विकतात, मी लोकांकडे स्वयंपाक करते. स्वयंपाकघरात फार बोलावं लागत नाही म्हणून हे काम बरं. हे लिहितेय तेही कुणाला दाखवायला नाही. मॅडम त्यांच्याकडे येणाऱ्यांना सांगायच्या, आधी दिसलं ते लिहा, वाटलं ते नंतर. म्हणून दिसलं ते लिहून ठेवते.

मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी गेले तेव्हा त्या रिटायर झालेल्या होत्या. साहेब आधीच वारलेले, एकुलती मुलगी अनघाताई बंगळूरला. गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. उंच, हाडकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पाठ इतकी ताठ की खुर्चीत बसल्या तरी मागे टेकायच्या नाहीत. सोफ्यावरसुद्धा नाही.

कॉलेजात शिकवणाऱ्यांनाही परीक्षा असते, हे मला त्यांच्या घरी कळलं. नुसतं शिकवून भागत नाही. पुढच्या पदाची मान्यता हवी असेल तर विद्यापीठाची कमिटी बसते, बाहेरगावचे मोठमोठे लोक येतात आणि तुम्ही काय केलंत, कसं शिकवलंत, हे विचारतात. वर्गात पोरांना दम देणारे सर तिथे पोरांसारखे होतात. अशा लोकांना मॅडम दर रविवारी सकाळी घरी बोलवायच्या. पैसे नाहीत, पाटी नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

जेवणाचं टेबल हॉलच्या मधोमध ओढायचं. एका बाजूला ओळीने खुर्च्या, समोर एकच खुर्ची. त्या एका खुर्चीवर ज्याचा नंबर असेल तो बसायचा. मधल्या खुर्चीवर मॅडम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला की त्या निकम मॅडम राहत नसत, कमिटीचे अध्यक्ष व्हायच्या. आवाज बदलायचा. मला स्वयंपाकघरात धडकी भरायची. त्या आधी सगळ्यांना खायला घालायच्या. म्हणायच्या, "रिकाम्या पोटात भीती जास्त वाजते." आणि कुणी फार घाबरलं तर म्हणायच्या, "भीती कमिटीत न्यायची नाही. इथेच सांडा. मंगल फडकं मारेल."

मलाही त्यांनी एक काम दिलं होतं. खरी कमिटी चालू असते तेव्हा शिपाई चहा घेऊन येतो, कपबशा वाजतात आणि बोलणाऱ्याचं लक्ष उडतं. त्याचीही सवय हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऐन उत्तरात मी ट्रे घेऊन जायचं आणि बशा वाजवायच्या. मला मुद्दाम वाजवाव्या लागत नसत. इतक्या शिकलेल्या माणसांमध्ये जायचं म्हटलं की माझे हात आपोआप थरथरायचे. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "मंगलसारखा ट्रे कुणाला जमणार नाही." लोक हसायचे. मलाही त्यात बरं वाटायचं, का ते सांगता येत नाही.

ते मिशीवाले सर म्हणजे गावित सर. सुरगाण्याकडचे. त्यांच्या पाड्यातून कॉलेजात शिकवायला लागलेले पहिलेच. त्यांना वाटायचं, आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं दिसलं की लोक आपल्याला परत डोंगरात पाठवतील. म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला काही ना काही बोलायचे. एका रविवारी मॅडमनी त्यांना विचारलं, अमुक एका परदेशी शास्त्रज्ञाचं गवतावरचं पुस्तक वाचलंय का. सर म्हणाले, हो, वाचलंय, फार उपयोगी आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "असा माणूस नाही. मी आत्ता तयार केला."

सगळे हसले. गावित सरांचं तोंड भाजल्यासारखं झालं. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून सरांच्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "येत नाही, एवढंच म्हणायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून. त्याला पदवी लागत नाही, पाठ ताठ लागते." मग त्यांनी सरांना पाठ ताठ करून तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, सरांना हसू फुटेपर्यंत. गावित सर पुढे पास झाले. पेढ्यांच्या बरोबर घरच्या नागलीचे पापड आणले. त्यांना वाटलं, आता सुटलो. मॅडम म्हणाल्या, "सुटलात कुठे? पुढच्या रविवारपासून टेबलाच्या या बाजूला. आता दुसऱ्याला घाबरवा." तो त्यांच्या घरचा नियमच होता. पास झालेल्याने परत यायचं.

सुवर्णाताई आहेर नंतर आल्या. देवळ्याच्या. घरी कांद्याची शेती, आवाज मोकळा, हसणं त्याहून मोकळं. पण खऱ्या कमिटीत एकदा त्यांना कुणी तरी विचारलं होतं, शिकवता की नुसतं वाचून दाखवता? आणि त्यांची बोलतीच बंद झाली होती. त्या नापास होऊन आल्या होत्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मंगलताई, तुम्ही चहा जरा हळू आणत जा हो. मला लय भ्या वाटतं." मी म्हटलं, मलापण. त्या दिवसापासून आमचं जमलं.

आता मला जे लिहायचंय ते लिहिते.

एका सकाळी मी आमटीला फोडणी देत होते. मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मंगल, ते घाल गं. ते तडतडतं ते." मी मोहरीचा डबा दाखवला. "ते नाही. हिरवं." त्यांना नाव येईना. त्या खिडकीत गेल्या, कुंडीतल्या कढीपत्त्याचं पान चुरगाळून नाकाला लावलं, आणि त्यांच्या शास्त्रातलं एक लांबलचक नाव घेतलं. ते बरोबर आलं. पण कढीपत्ता आला नाही. त्या बराच वेळ खिडकीतच उभ्या राहिल्या. आमटी खाली लागली.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवलं नसतं तर झोप तरी लागली असती. मिठाचा डबा फ्रिजमध्ये सापडायचा. पेपर वाचून झाल्यावर त्या परत विचारायच्या, पेपर आला का.

मग एका रविवारी सुवर्णाताईंचा नंबर होता. मॅडमनी विचारलं, "तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा काय करतो?" सुवर्णाताईंनी छान उत्तर दिलं. मॅडमनी मान हलवली, थोडं थांबल्या, आणि विचारलं, "तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा काय करतो?" सुवर्णाताई गडबडल्या, पण त्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितलं. मॅडमनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगितलं, आणि ते आधीच्यापेक्षा चांगलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावित सर नव्या लोकांना म्हणाले, "लक्षात ठेवा, कमिटी असं थकवून बघते." सगळ्यांनी लिहून घेतलं. मॅडमचं करणं म्हणजे त्यात काही तरी शिकवण असणारच, असं त्यांना वाटे. मी ट्रे घेऊन दारात होते. मला टेबलाखालचं दिसत होतं. मॅडमच्या मुठीत त्यांचा पदर होता आणि त्या तो पिळत होत्या.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी त्या कोपऱ्यावर औषध आणायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. मी गेटवर उभी राहिले. कुणाला विचारावं ते कळेना, विचारायला तोंड उघडेना. ऊन उतरल्यावर रिक्षा आली, आत सुवर्णाताई आणि मॅडम. मॅडमना रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता आला नव्हता म्हणून त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं. तिथल्या वॉचमनने ओळखलं आणि ओळखीच्यांना फोन केले. मॅडम मोठ्याने हसत जिना चढल्या. जुन्या सवयीने कॉलेजात गेले बघा, म्हणाल्या. सुवर्णाताईही हसल्या. त्या गेल्यावर मॅडम स्वयंपाकघरात आल्या आणि हळू म्हणाल्या, "मंगल, घर कुठल्या बाजूला आहे तेच सापडेना. अनघाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. शेजारच्यांनी सांगितलं. अनघाताई विमानाने आल्या. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या होत्या. डॉक्टरची वेळ घेतली आणि माझ्यासमोरच आईला म्हणाल्या, डॉक्टर काही बोलले तर मी तुला इथे एकटीला ठेवणार नाही, बंगळूरला नेणार. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. रिकाम्या पोटात काय वाजत होतं ते मला ऐकू येत होतं.

रविवारी सगळे जमले. अनघाताई कामाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. मॅडमनीच विषय काढला. म्हणाल्या, माझी कमिटी बसणार आहे. मग जे झालं ते या लोकांनाच सुचावं. सुवर्णाताई उठल्या आणि टेबल मधोमध ओढलं.

डॉक्टर काय काय विचारतात ते त्यांनी फोनवर शोधलं. वार, तारीख, महिना. घड्याळ काढून त्यात वेळ दाखवायची. शंभरातून सात सात वजा करत जायचं. आणि तीन शब्द सांगतात, थोड्या वेळाने ते आठवायचे. रविवारी येणाऱ्या एका मॅडमच्या सासऱ्यांना याच डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांना शब्दसुद्धा माहीत होते, दरवेळी तेच असतात म्हणे. केळं, घड्याळ, पूल. गावित सरांनी मॅडमचा प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट घातला आणि डॉक्टर झाले. खूप हसणं झालं. मॅडमही हसल्या. पण मॅडम समोरच्या त्या एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या, जिथे मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यांची पाठ टेकली होती. मी चहा नेला. त्या दिवशी बशा वाजू दिल्या नाहीत. कसं जमलं माहीत नाही.

रोज सकाळची उजळणी माझ्याकडे आली. अनघाताई उठायच्या आत, पोळ्या लाटता लाटता मी विचारायची, मॅडम, तीन शब्द? त्या म्हणायच्या, केळं, घड्याळ, पूल. मी वार विचारायची, त्या पेपर बघून आलेल्या असायच्या. मी एकदा धीर करून सुवर्णाताईंना जिन्यात म्हटलं, ताई, हे बरं आहे का. त्या थांबल्या. म्हणाल्या, "त्यांनी इतक्यांना पास केलं, मंगलताई. आम्ही त्यांना नापास होऊ द्यायचं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडम पास झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी दाखवा. अनघाताईंनी आईला मिठी मारली आणि बंगळूरला परत गेल्या. रविवारी पेढे आले. गावित सर म्हणाले, मॅडम, आता टेबलाच्या या बाजूला. सगळे इतके खूश होते की मलाही वाटलं, आपल्यालाच भलतंसलतं दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी सकाळी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि वास आला. गॅसचा. घरभर. देवघरासमोर मॅडम ठेवणीतली साडी नेसून पाटावर बसल्या होत्या. समोर समई, वाती घातलेल्या, तेल घातलेलं. हातात काडेपेटी, आणि काडी बाहेर काढलेली.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. मी त्यांच्या हातावर झडप घातली. काडेपेटी ओढून जिन्यात फेकली, चहाच्या पातेल्याखालचं गॅसचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना धरून बाहेर गॅलरीत आणलं. त्या शांत होत्या. मी म्हटलं, मॅडम, काय करत होता? काय झालं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या हुशार मुलीने बघावं तसं, उत्तर येतंय अशा चेहऱ्याने.

"केळं, घड्याळ, पूल," त्या म्हणाल्या.

मी तिथेच फरशीवर बसले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत चालला होता, आणि त्या मला पुन्हा म्हणाल्या, केळं, घड्याळ, पूल.

मी आयुष्यात स्वतःहून कुणा सरांना फोन केला नव्हता. त्या दिवशी केला. गावित सर आणि सुवर्णाताई दोघंही आले. तोवर मॅडम सावरल्या होत्या. चहा घेतला होता, वास अजून पडद्यांना होता, आणि काय झालं असतं ते त्यांना कळलं होतं. सुवर्णाताई नुसत्या रडत होत्या. चूक आमची, चूक आमची, एवढंच. गावित सर मॅडमच्या समोर खाली बसले. कॉलेजातला माणूस असा जमिनीवर बसलेला मी पाहिला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "येत नाही म्हणायचं."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "मग मला इथून नेतील."

"नेतील."

"मला फार भीती वाटते रे, गावित."

त्या त्यांना सर म्हणायच्या. अरे तुरे त्यांनी कधी केलं नव्हतं. गावित सरांनी मान खाली घातली. मी उठून चहाचे कप गोळा केले, ते माझ्या हातात इतके वाजले की सगळ्यांनी वळून बघितलं. मॅडम थोडं हसल्या. मग म्हणाल्या, फोन द्या. अनघाताईंना त्यांनी स्वतः सांगितलं, आमच्यासमोर. "अनघा, मागची परीक्षा मी कॉपी करून पास झाले. पुन्हा घे."

दुसऱ्या वेळी डॉक्टरकडे मीही गेले. मॅडमनी हट्टच धरला होता, मंगल दारापाशी हवी. उजळणी केली नव्हती. सकाळचा पेपर मी स्वतः वर फळीवर ठेवून दिला होता, त्यांनीच सांगितलं म्हणून. डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. त्यांनी विचारलं, आज वार कोणता?

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. पाठ ताठ. चष्मा नीट केला आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"येत नाही."

"महिना?"

"येत नाही. येताना रस्त्यावर आंब्याला मोहर दिसला, म्हणजे थंडी सरत आली असेल. पण तो अंदाज आहे. उत्तर नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अनघाताईंनी आईचा हात धरला. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्च्या आणि पाणी पिणारे गावित सर आले. इतकी चांगली परीक्षा त्या हॉलमध्ये कुणी दिली नव्हती. आणि त्यांना कुणी पास म्हणणार नव्हतं.

बंगळूरचं ठरलं. सामान बांधायच्या गडबडीत सुवर्णाताईंची खरी कमिटी येऊन गेली. त्या पास झाल्या. मला सांगत होत्या, एका प्रश्नाला त्यांनी येत नाही म्हटलं आणि अध्यक्षांनी मान वर करून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, कशाचा? सुवर्णाताईंनी सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलं. सुवर्णाताईंनी परत सांगितलं, वेगळ्या शब्दांत, आधीपेक्षा चांगलं.

जायच्या दिवशी सकाळी सगळे खाली गाडीपाशी उभे होते. कमिटी आता गावित सरांच्या घरी बसणार होती, टेबलही तिकडेच गेलं होतं. कढीपत्त्याची कुंडी मॅडमनी मला दिली होती. मी ती कडेवर धरून सगळ्यांच्या मागे उभी होते, नेहमीसारखी. पुढे जाऊन बोलायचं मला जमलं नसतं.

मॅडम गाडीत बसल्या. काच खाली होती. त्यांची नजर एकेकावरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. लोकांनी वाट दिली. मी खिडकीपाशी गेले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या तोंडाकडे, मग कुंडीकडे, परत माझ्या तोंडाकडे. मला कळलं. मग त्यांनी सीटवरून पाठ सोडवली आणि ताठ झाल्या.

"तुमचं नाव," त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मला येत नाही."

मला त्या कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या, पहिला दिवस सोडून.

"मंगल," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बरोबर उत्तराला त्या जशी मान हलवायच्या तशी त्यांनी हलवली, आणि गाडी निघाली.